पुरावा धुऊन जाण्यापूर्वी: मिशिगन सरोवराच्या काठावरील दरडींचा नकाशा कसा काढावा

डोंगरात दरड कोसळली की खाली आलेल्या मातीचा ढिगारा पायथ्याशी पडून राहतो. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी आलेल्या दरडीचे माथ्यावरची तूट, उतरणीची वाट आणि खाली पसरलेला चिखल असे तीन भाग नकाशावर वेगवेगळे दाखवता येतात, कारण पाऊस थांबल्यावरही ते जागच्या जागी असतात. सरोवराच्या काठावर ही सोय नसते. तिथे पायथ्याशी आलेली माती लाटा उचलून नेतात. कधी हे काम वर्षभर चालते, तर कधी ईशान्येकडून आलेल्या एकाच वादळात संपते. दोन वर्षांनी नकाशा काढायला जाणाऱ्याला वरचा तुटलेला कडा दिसतो, पण जे तुटले ते दिसत नाही.

म्हणून या कामाचा एक नियम पहिल्यापासून पाळावा: नकाशावरील प्रत्येक रेषेला तारीख असली पाहिजे आणि त्या तारखेची पाण्याची पातळी तिच्यासोबत नोंदलेली असली पाहिजे. तारीख नसलेली दरडीची रेषा डोंगरात अपुरी ठरते, काठावर ती दिशाभूल करते.

पुढील विवेचन अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठाला धरून आहे. विस्कॉन्सिन राज्यातील रसीन, मिलवॉकी, ओझॉकी आणि शेबॉयगन या काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये) हा काठ बऱ्याच ठिकाणी वीस ते चाळीस मीटर उंचीच्या उभट मातीचा आहे. 'कडा' म्हटल्यावर सह्याद्रीचा काळा कातळ डोळ्यांसमोर येतो, परंतु हे कडे कातळाचे नाहीत. हिमयुगातील हिमनद्यांनी फरफटत आणलेली चिकट, दगडगोटे मिसळलेली माती, जिला भूवैज्ञानिक 'टिल' म्हणतात, तिचे थर येथे एकावर एक बसलेले आहेत आणि दोन थरांच्या मध्ये जुन्या हिमसरोवरांत साठलेली वाळू व गाळ आहे. दक्षिणेकडे करड्या रंगाचे टिल दिसते, तर उत्तरेकडे जाऊ लागले की लालसर तपकिरी टिल येते. दरडीची कुंडली पुष्कळदा या मधल्या वाळूच्या थरातच लिहिलेली असते, त्याबद्दल पुढे येईलच.

पाच क्रियापदे

नकाशा काढण्याआधी काय घडते याचे वर्गीकरण हवे. जगभर अमेरिकी भूवैज्ञानिक डेव्हिड व्हार्न्स यांची १९७८ सालची पद्धत आणि तिच्या पुढील सुधारणा वापरल्या जातात. मराठीत मात्र आपल्याकडे या कामाला पुरतील अशी पाच क्रियापदे आयतीच आहेत आणि नोंदवहीत तीच लिहावीत असे माझे मत आहे, कारण ती पाहिलेल्या गोष्टीशी जास्त प्रामाणिक राहतात.

जमीन 'खचते' तेव्हा मातीचा जाड तुकडा वाटीसारख्या वक्र पृष्ठावरून खाली उतरतो आणि उतरताना मागे कलतो. त्यामुळे कड्याच्या मध्यावर एक टप्पा तयार होतो. त्या टप्प्याचा उतार सरोवराकडे नसून जमिनीकडे असतो, त्यावर पाणी साचते आणि त्यावरची झाडे माथ्याकडे झुकलेली दिसतात. उंच, चिकट मातीच्या कड्यांवर हा प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो. जमीन 'सरकते' तेव्हा वरचा मीटर-दोन मीटरचा पोचट थर गवताझुडपांसह सपाट पृष्ठावरून घसरतो. 'वाहते' तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये गोठलेली माती सुटून आंबिलीसारखी खाली येते आणि तिच्यावरची झाडे वाटेल त्या दिशेला कललेली असतात. लाटांनी पायथा पोखरला की वरची माती 'ढासळते'. उन्हाने व गोठण्याने उभ्या भेगा पडलेले टिलचे फलक पुढच्या बाजूला 'कलंडतात'.

एकाच कड्यावर वरून खचलेली जमीन मध्ये सरकते आणि खाली वाहते, असेही होते. अशा वेळी सर्वांत जास्त माती ज्या क्रियेने हलली ती मुख्य समजावी आणि बाकीच्या क्रिया शेऱ्याच्या रकान्यात लिहाव्यात.

आधी पाण्याची पातळी पाहावी

पुष्कळ जण सरळ उपग्रहाचे चित्र उघडून रेघोट्या मारू लागतात. त्याआधी अर्धा तास पाण्याच्या पातळीचा आलेख पाहण्यात घालवावा. मिशिगन आणि ह्युरॉन ही दोन सरोवरे मॅकिनॅक सामुद्रधुनीने जोडलेली असल्यामुळे त्यांची पातळी एकच धरली जाते. १९१८ पासूनच्या मासिक सरासरींमध्ये सर्वांत वरची पातळी ऑक्टोबर १९८६ ची म्हणजे १७७.५० मीटर आहे आणि सर्वांत खालची जानेवारी २०१३ ची म्हणजे १७५.५७ मीटर. त्या नीचांकानंतर पाणी झपाट्याने चढले आणि २०२० च्या उन्हाळ्यात १९८६ च्या विक्रमाला जवळजवळ टेकले. साडेसात वर्षांत पावणेदोन मीटरांहून अधिक चढ झाला. याखेरीज दरवर्षी हिवाळ्यात खाली आणि उन्हाळ्यात वर असा सुमारे तीस सेंटीमीटरचा फेर असतोच.

नकाशाशी याचा संबंध असा आहे. पाणी खाली असते तेव्हा कड्यासमोर रुंद पुळण असते आणि लाटा पुळणीवरच फुटतात. पाणी चढले की पुळण बुडते आणि लाटा थेट पायथ्यावर आदळून तो खरवडू लागतात. पायथा मागे सरतो, उतार अधिक उभा होतो आणि त्यानंतर केव्हातरी वरची जमीन खचते. हे 'केव्हातरी' महत्त्वाचे आहे. पायथ्याची झीज आणि माथ्याचे खचणे यांत काही महिन्यांचे किंवा काही वर्षांचेही अंतर पडते, आणि पाणी उतरल्यानंतरही माथा मागे सरतच राहतो, कारण उभा झालेला उतार आपल्या परीने सौम्य होऊ पाहत असतो. २०१३ साली काढलेल्या नकाशात पायथ्याशी झाडीने झाकलेले शांत ढिगारे आढळतील आणि २०२० च्या नकाशात त्याच जागी नागडा कडा. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर असतात. पातळी सोबत न दिल्यास मात्र वाचणाऱ्याचा समज असा होतो की पहिल्या नकाशाच्या वेळी धोका नव्हता.

सामग्री आणि मोजमापाचे सापळे

कामासाठी तीन प्रकारची सामग्री लागते. पहिली लायडारची, म्हणजे विमानातून लेसर किरण सोडून झाडीखालच्या जमिनीची उंची मोजलेली. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि समुद्र व हवामानविषयक संस्था नोआ यांच्या संकेतस्थळांवर ती विनामूल्य मिळते. लष्कराच्या अभियंता विभागाने सरोवरांच्या काठांचे जे लायडार केले आहे त्यात हिरवा लेसर वापरलेला असल्याने पाणी स्वच्छ असेल तेथे उथळ तळही दिसतो. दुसरी सामग्री जुन्या विमानचित्रांची. विस्कॉन्सिनमधील १९३७ ते १९४१ या काळातील उभी, म्हणजे सरळ वरून खाली घेतलेली, चित्रे राज्याच्या संग्रहात संगणकावर पाहता येतात. तिसरी म्हणजे विमानातून कड्याच्या समोरून तिरकस घेतलेली छायाचित्रे. यातली १९७० च्या दशकातली मालिका फार मोलाची आहे, कारण त्याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड मिकेलसन, टंजर एडिल आदी संशोधकांनी या काठाचा पट्ट्यापट्ट्याने अभ्यास केला होता. तिरकस चित्रावरून अंतर मोजता येत नाही, पण कड्याच्या पोटातले पाझर, थर आणि टप्पे त्यात जसे दिसतात तसे उभ्या चित्रात कधीच दिसत नाहीत.

ही सर्व सामग्री क्यूजीआयएससारख्या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणक प्रणालीत एकत्र आणताना एकच मोजणीपद्धत ठरवावी. या काठासाठी उत्तर अमेरिकी १९८३ आधारावरची (आधार म्हणजे ज्याच्या संदर्भाने मोजमाप केले जाते ती ठरलेली चौकट) यूटीएम विभाग १६ ही मीटरमधली निर्देशांक पद्धत सोयीची आहे. काउंट्यांची माहिती मात्र अनेकदा राज्याच्या फुटांतल्या पद्धतीत येते आणि इथे एक लबाड सापळा आहे. अमेरिकेत दोन प्रकारचे फूट होते: आंतरराष्ट्रीय फूट आणि सर्वेक्षण फूट. दोहोंतला फरक दहा लाखांत दोन इतका सूक्ष्म असून २०२२ अखेर सर्वेक्षण फूट अधिकृत वापरातून काढून टाकण्यात आला. परंतु मिलवॉकीजवळ पूर्वेकडचे निर्देशांक पंचवीस लाख फुटांच्या घरात असतात, त्यामुळे एका फुटाऐवजी दुसरा धरला गेला की रेषा पाच फूट, म्हणजे दीड मीटर सरकते. कडा वर्षाला अर्धा मीटर मागे जात असेल, तर केवळ आयात करताना चुकीचा पर्याय निवडल्याने तीन वर्षांची धूप कागदावर निर्माण होते किंवा नाहीशी होते. हे तपासण्यासाठी किनाऱ्यापासून दूर असलेल्या दोन-चार चौकांचे मध्य प्रत्येक थरात जुळतात की नाही ते पाहावे.

उंचीच्या बाबतीतही सावध राहावे. सरोवराची पातळी ग्रेट लेक्स, म्हणजे मिशिगनसह तिथली पाच मोठी सरोवरे, यांच्यासाठीच्या '१९८५' नावाच्या आधारावर दिलेली असते आणि लायडार १९८८ च्या राष्ट्रीय आधारावर. फरक लहान असला तरी कोणता आकडा कोणत्या आधारावर आहे ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहावे.

उजेड कोणत्या बाजूने टाकावा

लायडारच्या उंचीवरून छायांकित उठाव, ज्याला सगळे 'हिलशेड' म्हणतात, तो काढणे ही पहिली पायरी. बहुतेक प्रणालींमध्ये कल्पित सूर्य वायव्येला ३१५ अंशांवर आणि क्षितिजापासून ४५ अंश उंचीवर ठेवलेला असतो. हा काठ पूर्वाभिमुख आहे. म्हणजे प्रणालीने दिलेला उजेड जसाच्या तसा ठेवल्यास ज्या उतारावर काम करायचे आहे नेमका तोच सावलीत जातो आणि काळ्या पट्ट्यात टप्पे, भेगा, ओघळ काहीच वेगळे ओळखता येत नाही. सूर्य पूर्वेला किंवा ईशान्येला आणावा. मात्र उजेड खालून किंवा उजवीकडून आला की काही जणांच्या डोळ्यांना खड्डे उंचवट्यासारखे दिसू लागतात, त्यामुळे शेजारी उताराचा नकाशाही उघडा ठेवावा. उताराच्या नकाशाला दिशा नसते. त्यात उभा भाग गडद आणि सपाट भाग फिका एवढेच असते. माझ्या मते कड्यावरच्या रेषा उताराच्या नकाशावरच काढाव्यात आणि हिलशेड फक्त खातरजमेपुरते ठेवावे. सोबत अर्ध्या मीटरच्या समोच्चरेषा असल्यास मागे कललेला टप्पा लगेच सापडतो, कारण तिथे समोच्चरेषा बंद वर्तुळांसारख्या होतात.

रेषा काढताना पडद्यावरचे प्रमाण १:२,००० च्या आसपास कायम ठेवावे. जवळ जाऊन एक दरड आणि लांब जाऊन दुसरी काढली की नकाशातील तपशील असमान होतो. क्रम असा ठेवावा की आधी माथ्याची कड आणि पायथा या दोन लांब रेषा संपूर्ण पट्ट्यावर काढून घ्याव्यात. त्यानंतर या दोहोंच्या मधले तुटीचे कडे रेषांनी दाखवावेत आणि शेवटी प्रत्येक दरडीचे अंग पॉलिगॉनने, म्हणजे बंद आकृतीने, वेढावे. पायथ्याचा ढिगारा शिल्लक असेल तर त्याला अंगापासून वेगळा पॉलिगॉन द्यावा, कारण पुढच्या वेळी तो बहुधा नसेल आणि तेव्हा संपूर्ण दरडच नाहीशी झाली असे कोणाला वाटू नये. ढिगारा आधीच धुऊन गेलेला असेल, तर पॉलिगॉनची खालची कड पायथ्याच्या रेषेवर तुटक ठेवावी. अंदाजाने सरोवरात जीभ काढू नये.

शेजारच्या दोन दरडी एकमेकींत मिसळलेल्या असतात तेव्हा दोन तुटीच्या कमानी जिथे टोकदार कोपऱ्यात भेटतात तिथे त्या विभागाव्यात. असा कोपरा नसेल तर एकच दरड मानावी. डोळे फसवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. कित्येक ठिकाणी मालकांनी उतार यंत्राने कापून एकसारखा केलेला असतो किंवा कड्याला आडवे रस्ते कोरलेले असतात. अशा रस्त्याचा टप्पा लांबवर एका उंचीने जातो आणि त्याच्या टोकाला वळण असते, तर खचलेल्या जमिनीचा टप्पा दोन्ही बाजूंना वर चढून कमानीत मिटतो. दुसरी गोष्ट म्हणजे पावसाच्या पाण्याने खोदलेल्या घळी. त्यांच्या तोंडाशी दरडी होतातच, परंतु घळीची बाजू म्हणजे सरोवराने केलेला कडा नव्हे, म्हणून त्यांची माथ्याची कड वेगळ्या नावाने नोंदवावी.

१९३७ च्या चित्रावरची चूक

जुन्या विमानचित्राला आजच्या नकाशावर बसवण्यासाठी दोन्हींत दिसणारे बिंदू लागतात. या प्रदेशात रस्त्यांची चौकट जुन्या भूमापनानुसार मैल-मैलावर आखलेली असल्याने चौक भरपूर सापडतात, आणि शेतांतली जुनी धान्यकोठारे व त्यांचे पायेही उपयोगी पडतात. मोह होतो तो पुळणीवरचा एखादा मोठा दगड किंवा धक्का बिंदू म्हणून घेण्याचा. तो घेऊ नये. उभ्या चित्रात उंच वस्तू मध्यापासून बाहेर सरकलेली दिसते. हे सरकणे वस्तूची उंची आणि मध्यापासूनचे अंतर यांच्या गुणाकाराला उड्डाणाच्या उंचीने भागून मिळते. कड्याची उंची ३० मीटर, चित्राच्या मध्यापासून अंतर १,६०० मीटर आणि उड्डाण ४,२०० मीटरवरून झाले असे धरले, तर माथा आणि पायथा यांच्यात ११ मीटरांहून अधिक खोटे अंतर पडते. म्हणून माथ्याची कड मोजायची असेल तर सगळे बिंदू माथ्याच्या पठारावरचेच घ्यावेत, आणि शक्यतो कडा चित्राच्या मध्याजवळ येतो असे चित्र निवडावे. त्या चित्रातला पायथा या पद्धतीने मोजूच नये.

नंतर काठाला काटकोनात दर पन्नास मीटरवर आडव्या रेषा टाकून जुनी कड आणि नवी कड यांतील अंतर मोजावे. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डीएसएएस हे मोफत साधन हे काम करते, मात्र एकदा दहा-बारा रेषा हाताने मोजून पाहाव्यात. एखाद्या रेषेवर १९३७ ते २०२० या ८३ वर्षांत कड २५ मीटर मागे गेली असेल, तर वर्षाला ३० सेंटीमीटर ही सरासरी येते. चित्र बसवण्यातली चूक ८ मीटर धरली तर या सरासरीत दहा सेंटीमीटरची अनिश्चितता राहते, आणि ती आकड्यासोबत छापली पाहिजे. परंतु खरा प्रश्न अनिश्चिततेचा नाही. वर्षाला ३० सेंटीमीटर म्हणजे दरवर्षी फूटभर, असा अर्थ घरमालक लावतो. प्रत्यक्षात खचणाऱ्या कड्यावर वीस वर्षे काहीच हलत नाही आणि एका रात्री आठ मीटर जातात. म्हणून सरासरीच्या रकान्याशेजारी 'एका वेळी सर्वाधिक' असा रकाना ठेवावा आणि त्यात त्या पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या दरडीची माथ्यापासून आतपर्यंतची खोली भरावी.

दोन लायडारची वजाबाकी

एकाच पट्ट्याचे दोन वेगवेगळ्या सालांचे लायडार मिळाले, तर नव्या उंचीतून जुनी वजा करून कुठे किती माती गेली आणि कुठे साठली ते रंगांत दाखवता येते. येथे प्रत्येक लहान फरकाला अर्थ देऊ नये. दोन्ही मोजण्यांची उभी चूक दहा-दहा सेंटीमीटर असेल, तर दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ १४ सेंटीमीटर येते आणि ९५ टक्के खात्रीसाठी त्याला १.९६ ने गुणले की २८ सेंटीमीटर. याखालचे फरक नकाशावर रिकामे सोडावेत. उभ्या उतारावर तर आडवी चूकही उभ्या फरकासारखी दिसते, त्यामुळे कड्याच्या पोटावर ही मर्यादा आणखी वाढवावी लागते.

या वजाबाकीत काठाचे वेगळेपण आकड्यांत दिसते. डोंगरातल्या दरडीत वरून गेलेली माती आणि खाली साठलेली माती यांचा ताळेबंद साधारण जुळतो. इथे खर्चाची बाजू भरलेली आणि जमेची बाजू जवळजवळ कोरी असते. पलीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्यांवर १९१४, १९७१ आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये मोठी भूस्खलने झाली. तिथली वाळू पाण्याखाली दूरवर गेली, म्हणून अशा जागी तळाची मोजणी पाहिल्याशिवाय दरडीचा आकार सांगताच येत नाही.

काठावर प्रत्यक्ष

संगणकावरचा नकाशा हा मसुदा आहे. जागेवर जाण्यासाठी दोन मोसम चांगले: पाने गळल्यानंतर बर्फ पडण्यापूर्वीचा नोव्हेंबर आणि बर्फ वितळल्यानंतर पालवी फुटण्यापूर्वीचा एप्रिल. एप्रिलमध्ये पाझर सर्वाधिक दिसतात, पण कडाही तेव्हाच सर्वाधिक हलता असतो. त्यामुळे पायथ्याने चालणे नोव्हेंबरमध्ये उरकावे आणि एप्रिलमध्ये माथ्यावरून दुर्बिणीने पाहावे. सोबत लांब टेप, उतार मोजण्याचे क्लिनोमीटर, खुरपे, खुंट्या, वही आणि दुसरा माणूस असावा. मोबाइलमधील जीपीएस तीन ते पाच मीटरने चुकते. भेगेची जागा दाखवण्यासाठी ते पुरते, माथ्याची कड मोजण्यासाठी पुरत नाही.

परवानगीचा प्रश्न गंभीर आहे. मिशिगन राज्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर सामान्य उच्चजलरेषेखालून कोणालाही चालता येते. विस्कॉन्सिनमध्ये मात्र पाणी मागे हटून उघड्या पडलेल्या पुळणीचा वापर काठच्या मालकाकडे असतो, आणि पाय पाण्यात ठेवून चालणाऱ्यालाच लोकांचा हक्क मिळतो. गमबूट घालून घोटाभर पाण्यातून जाणारा भूवैज्ञानिक म्हणूनच इथे नवलाचा नाही. सोपा मार्ग म्हणजे सार्वजनिक उद्यानांपासून सुरुवात करावी. ओझॉकी काउंटीतील व्हर्मंड पार्क आणि लायन्स डेन गॉर्ज, तसेच ओक क्रीकमधील बेंडर पार्क येथे कडा माथ्यावरून पाहता येतो. ड्रोन वापरायचा असेल तर छंदाव्यतिरिक्तच्या उड्डाणाला परवाना लागतो, आणि पानांनी झाकलेल्या उतारावर ड्रोनची चित्रे जमीन दाखवत नाहीत, झाडांचे शेंडे दाखवतात.

पायथ्यापाशी उभे राहून आधी काहीही मोजू नये, नुसते पाहावे. पुळणीपासून सात-आठ मीटर वर, करड्या टिलच्या उभ्या भिंतीवर, एक आडवी ओली पट्टी दिसते. तिच्यावरची माती कोरडी आणि भेगाळलेली असते, खालची काळपट आणि चकाकणारी. पट्टीच्या रेषेत एका ओळीने गाठीगाठींच्या हिरव्या काड्यांची हॉर्सटेल उगवलेली असते आणि मधूनच विलोची झुडपे. खुरप्याने थोडे खरवडले की मऊ, बारीक वाळू हातात येते आणि त्या भोकातून पाण्याची करंगळीएवढी धार लागते. पाण्याबरोबर वाळूचे कणही बाहेर पडत राहतात. हाच तो दोन टिलमधला थर. वरच्या पठारावर मुरलेले पाणी खालच्या चिकट मातीवर अडते, आडवे वाहत कड्यापर्यंत येते आणि वाळू पोखरून वरच्या जमिनीचा आधार काढून घेते. पाझराची ही पट्टी नकाशावर निळ्या तुटक रेषेने दाखवावी आणि तिची पायथ्यापासूनची उंची लिहावी. लाटा अडवण्यासाठी पायथ्याशी दगडांची भिंत बांधलेल्या जागीही जमीन खचते तेव्हा कारण बहुधा या निळ्या रेषेत सापडते.

माथ्यावर कडेपासून दूर राहावे, कारण गवताची मुळे माती गेल्यावरही हिरवळीचा पातळ छज्जा धरून ठेवतात आणि त्याखाली काहीच नसते. कडेला समांतर जाणाऱ्या भेगा शोधाव्यात. भेग सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना खुंटी ठोकून अंतर मिलिमीटरमध्ये लिहावे आणि पुन्हा आल्यावर तेच मोजावे. सरोवराकडची बाजू किती खाली उतरली आहे तेही मोजावे. कुंपणाची वाकलेली ओळ, छपराचे पाणी सोडणारा नळ कड्याच्या तोंडाशी कुठे उघडतो, हिरवळीवर पाण्याचे फवारे किती चालतात, या गोष्टी शेऱ्यात येऊ द्याव्यात. ओक क्रीक येथील वीजकेंद्राच्या आवारात ३१ ऑक्टोबर २०११ रोजी कडा कोसळून कोळशाच्या राखेसह माती आणि वाहने सरोवरात गेली होती, त्यामुळे भराव टाकलेल्या जमिनीची नोंद तर नैसर्गिक थरांच्या आधी करावी.

खात्रीचे गुण

आपण काढलेली प्रत्येक दरड सारखीच खात्रीची नसते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ओरेगॉन राज्याच्या भूविज्ञान विभागाने २००९ मध्ये लायडारवरून दरडी नोंदवण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली तीत तुटीचा कडा, बाजू, पायथ्याचा फुगवटा आणि अंगावरच्या खुणा अशा प्रत्येक लक्षणाला शून्य ते दहा गुण देऊन बेरजेवरून खात्री ठरवतात. ३० किंवा अधिक गुण असल्यास उच्च, ११ ते २९ असल्यास मध्यम आणि त्याखाली कमी. सरोवरकाठी ही पद्धत जशीच्या तशी लावली तर पायथा धुऊन गेलेल्या अगदी ताज्या दरडीलाही पायथ्याचे शून्य गुण मिळतात आणि तिची खात्री उगाच खाली येते. यावर उपाय म्हणून पायथ्याच्या जागी 'दोन तारखांच्या चित्रांत बदल दिसतो का' हे लक्षण घ्यावे आणि असे केल्याचे नकाशावर स्पष्ट लिहावे.

दरडीची तारीख क्वचितच नेमकी मिळते. जे चित्र तिला दाखवत नाही त्यातले शेवटचे आणि जे दाखवते त्यातले पहिले, अशा दोन तारखा भराव्यात. 'एप्रिल २०१८ नंतर, मे २०१९ पूर्वी' अशी नोंद 'अंदाजे २०१८' यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण त्या मधल्या महिन्यांची पाण्याची पातळी आणि वादळे नंतर कोणालाही पडताळता येतात.

माथ्यामागची रेषा

नकाशा हातात आला की घरमालक एकच प्रश्न विचारतो: माझे घर कुठवर सुरक्षित आहे? उत्तर देण्याआधी नोंदींचा नकाशा आणि भाकिताचा नकाशा वेगळे ठेवावेत, एकाच कागदावर छापू नयेत. भाकितासाठी या भागात सर्रास वापरला जाणारा आडाखा असा की कड्याचा टिकाऊ उतार एका मीटर उंचीला अडीच मीटर आडवा, म्हणजे सुमारे २२ अंश, धरावा. कडा ३० मीटर उंच असेल तर पायथ्यापासून आत ७५ मीटरवर तो उतार माथ्याला भेटतो. आजचा माथा पायथ्यापासून फक्त ४० मीटर आत असेल, तर लाटांनी यापुढे पायथ्याला एक बोटही लावले नाही तरी आणखी ३५ मीटर जमीन आज ना उद्या जाणारी आहे असे समजावे, आणि त्यात पायथा मागे सरण्याचा वेग गुणिले घराचे उरलेले आयुष्य ही भर घालावी. पाझराची निळी रेषा वर असेल तेथे २२ अंशही जास्त होतात. अशा जागी आडाख्यावर थांबू नये आणि भूतांत्रिक अभियंत्याकडून बोअर घेऊन तपासणी करून घ्यावी.

पुन्हा नकाशा काढण्याची वेळ पातळीच्या आलेखावरून ठरवावी. पाणी दीर्घकालीन सरासरीच्या वर असताना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये, आणि पाणी उतरू लागल्यानंतरही किमान तीन वर्षे, कारण माथ्याचे खचणे मागून येते. प्रत्येक वेळी नवी फाइल करावी, जुन्या फाइलमधल्या रेषा हलवू नयेत, आणि फाइलच्या नावातच तारीख व त्या महिन्याची पातळी मीटरमध्ये घालावी.